झीरोवर इतकं चिपिंग कशासाठी?

करडा_रंग (धागाकर्ता):
हल्ली कुणीही दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी फायटर विमानाचं मॉडेल किट पूर्ण केलं की चिपिंग, म्हणजे रंग उडाल्याचा देखावा, ठरलेलाच: निम्मा रंग उडालेला आणि खालून चांदी चमकतेय. हायाबुसा या फायटरला ते शोभतं, मान्य. आर्मीची बरीच हायाबुसा कारखान्यातून उघड्या धातूतच निघाली. हिरवा रंग पुढे तळावर मारला, तोही प्राइमरशिवाय, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराशिवाय. तो टिकणार कसा? झीरो हे फायटर मात्र नौदलाचं. जहाजावर खारा वारा सोसायचा म्हणून त्याला रंग निगुतीने दिलेला असे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर गेलेली झीरो तर नवीकोरीच होती. त्यांच्यावर रंगाखाली हेअरस्प्रे मारून, ओल्या ब्रशने घासून रंगाची सालपटं काढलेली बघवत नाहीत.

राबाउल४३:
पर्ल हार्बरपुरतं पटलं. पण मी १९४३ चं राबाउल, म्हणजे पॅसिफिकमधल्या जपानी तळावरचं झीरो करतोय. तिथे करड्या झीरोंवर घाईघाईने हिरवा फासला होता, फोटोत फराटे दिसतात. वर ऊन, पाऊस, आणि मेकॅनिक रोज पंखावर चढणार. माझं झीरो झिजलेलंच असेल.

करडा_रंग:
असू दे की! फक्त हिरव्याखालून करडा दिसू दे. चांदी कुठून आली तिथे?

राबाउल४३:
हो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता चांदीच्या थरावर आधी करडा चढवतो.

रविवारचा_एअरब्रश:
तरी मला धागाकर्त्याचं सगळं पटत नाही. शिदेन-काई हे फायटरसुद्धा नौदलाचंच ना? त्याचे फोटो बघा, पंखांवरचा रंग सोलून निघालाय.

करडा_रंग:
त्यातले बरेचसे शरणागतीनंतर अमेरिकनांनी काढलेले आहेत. बेवारस पडलेली विमानं ती. लढतीवर निघालेलं विमान तसंच दिसत असे, हे त्यावरून कसं ठरवायचं?

रविवारचा_एअरब्रश:
दोन-चार महिने उघड्यावर पडल्याने चांगला बसलेला रंग असा सोलवटत नाही. १९४५ पर्यंत माल संपत आला होता, कारखान्यांवर बॉम्ब पडत होते. रंगाचं काम आधीच कच्चं झालं असणार. १९४१ चा नियम १९४५ ला लावू नका.

करडा_रंग:
शेवटच्या वर्षासाठी हे मानतो. १९४१-४२ साठी नाही.

स्पंजवाली:
तुम्ही दोघं सालांवर भांडताय, मापाचं कुणी बोलत नाही. १/७२ मापाच्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा डाग! माझं पहिलं झीरो स्पंजने ठिपके मारून असंच बिघडलं. आता सगळ्यात बारीक ब्रश घेते आणि काउलिंगची (इंजिनवरच्या आवरणाची) कड, पेट्रोलच्या झाकणाचा भोवताल, पंखाचं मूळ एवढ्यावरच थांबते.

रविवारचा_एअरब्रश:
काटेकोर मापाने गेलं तर हातभर अंतरावरून काहीच दिसणार नाही. मॉडेल बघण्यासाठीच करतो ना आपण? थोडं वाढवावंच लागतं.

स्पंजवाली:
वाढवायचं तर पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा आणि फिकटलेला रंग वाढवा. उन्हाने रंग विटतो, त्याला पुरावा मागायला कुणी येणार नाही.