दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा

दादा, टिपरची बॅटरी रात्रीत उतरते म्हणून फोंड्याचा मेकॅनिक अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) खोलायला सांगतोय, पण जरा थांबा. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला पुढे दुसरी जोडलेली. टेप, मोबाइल चार्जरची वायर एकाच बॅटरीवरून ओढलीय का? सर्रास तसंच करतात! मग ती एकटी उतरते, आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी आटवते. सकाळी गाडी चालू करण्याआधी दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. एक १२.६ नि दुसरी ११.८ दिसली, तर संशय त्या वायरवरच.

दोन्ही सारख्याच उतरल्या, तर निगेटिव्ह केबल सोडून मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून लावा, एकेक फ्यूज काढत जा; ज्या फ्यूजला करंट पडेल, त्याच लाइनवर चोर. सगळे काढूनही मीटरवरचा करंट कमी झाला नाही, तर मग संशय अल्टरनेटरच्या डायोडवर (करंट उलटा जाऊ न देणारा भाग). मीटर लावलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरच उडेल.