कॉफी उत्पादकाची उधारी : शाश्वततेचा प्रीमियम आधी की वेळेवरचे पैसे?

ताळेबंद

शाश्वत कॉफीवरची आपली चर्चा बहुतेक वेळा सावलीची झाडे, सेंद्रिय खत, पाकिटावरचा प्रमाणपत्राचा शिक्का आणि त्यामुळे मिळणारी जादा किंमत, म्हणजे प्रीमियम, यांभोवती फिरते. मला एक निराळा प्रश्न चर्चेला ठेवायचा आहे. बागेत खर्च सुरू झाल्यापासून उत्पादकाच्या हाती पूर्ण पैसे पडेपर्यंत या सगळ्या व्यवहाराला भांडवल कोण पुरवतो? माझे उत्तर असे की ते बहुधा उत्पादकच पुरवतो, तेही बिनव्याजी, आणि ही उधारी मोडत नाही तोवर प्रमाणपत्रांचा उपयोग बेताचाच राहणार.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. १९४२च्या कॉफी कायद्यानुसार भारतातील उत्पादकाला आपला माल कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, जमा करावा लागे. प्रतवारीप्रमाणे त्याला गुण मिळत, सुरुवातीला थोडी उचल मिळे आणि मग बोर्ड लिलावात माल विकून जसजसे हप्ते जाहीर करील तसतसे उरलेले पैसे येत. शेवटचा हप्ता येईतो पुढचे पीक झाडावर दिसू लागलेले असे. १९८९च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत कोसळली, १९९२पासून खुल्या विक्रीचा वाटा वाढत गेला आणि १९९६मध्ये सक्तीचा पूल संपला. उधारीचे रूप तेवढे बदलले.

आजचे रूप पाहा. कर्नाटकातल्या कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासन या पट्ट्यात अरेबिका या जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबरात सुरू होते आणि रोबस्टा या दुसऱ्या जातीची मार्चपर्यंत चालते. या काळात मजुरांचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो आणि त्यातच फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाने दडी मारली तर रोबस्टाच्या फुलोऱ्यासाठी तुषार सिंचनाचे पंप चालवावे लागतात, म्हणजे डिझेलचा खर्च. देशातल्या कॉफीधारकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक जण दहा हेक्टरांच्या आतले. अशा माणसाला नेमक्या त्याच आठवड्यांत माल विकावा लागतो ज्या आठवड्यांत त्याचे सगळे शेजारीही विकत असतात.

याचा शाश्वततेशी थेट संबंध आहे. कर्नाटकात सिल्व्हर ओक तोडायला परवानगी लागत नाही, बहुतेक देशी झाडांना लागते. त्यामुळे अडचणीच्या वर्षी विकता येईल अशी बचत म्हणून उत्पादक सिल्व्हर ओक लावतो आणि जांभूळ, फणस, नंदी यांची मिश्र सावली हळूहळू विरळ होत जाते. तेव्हा माझी मागणी सरळ आहे : माल दिल्यापासून ठरावीक दिवसांत पूर्ण किंमत, आणि उशीर झाल्यास व्याज. उसाला १९६६च्या नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत आणि विलंबावर १५ टक्के व्याज दिलेच आहे.

मंद आच

पुण्यात छोट्या प्रमाणावर कॉफी भाजून विकतो, त्यामुळे माझा पक्ष कोणता हे आधीच सांगून टाकतो. धागाकर्ते ताळेबंद यांच्या मांडणीत एक मोठी फट आहे. १९९६नंतर कोडगूत पैसे मिळायला उशीर होतच नाही! गावातला व्यापारी पोते तोलतो आणि रोख देतो. रोबस्टाची वाळवलेली चेरी, म्हणजे सालासकट फळ, असेल तर नमुना सोलून ५० किलोच्या पोत्यातून किती किलो स्वच्छ बी निघेल ते पाहतो, २६ की २८, त्यावरून भाव सांगतो आणि व्यवहार तिथेच संपतो. मग सावलीची झाडे का पडतात? कारण त्या मोजणीत आउटटर्न, म्हणजे पोत्यातून निघणारे बी, आणि ओलावा यांना किंमत आहे, बागेला नाही. दाट सावलीतली चेरी आणि उघड्यावरची चेरी एकाच ढिगात जाते.

झटपट भरणा आणि मालाची ओळख यांचे वैर कसे असते हे इथिओपियाने दाखवून दिले. तिथल्या कमॉडिटी एक्स्चेंजने, म्हणजे शेतमालाच्या संघटित बाजाराने, २००८मध्ये कारभार सुरू केला आणि सौद्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या खात्यात पैसे जमा करून दाखवले. पैसे बुडण्याची भीती असलेल्या देशात ही मोठीच गोष्ट होती. पण त्यासाठी कॉफीची विभाग आणि प्रत यांनुसार सरमिसळ झाली आणि ती कोणत्या धुलाई केंद्रावरची, म्हणजे फळातले बी कुठे काढून धुतलेली, हे खरेदीदाराला कळेनासे झाले. जो ग्राहक विशिष्ट गावाच्या कॉफीला जास्त पैसे द्यायला तयार होता तोच बाहेर पडू लागला. अखेर २०१७मध्ये नियम सैल करून थेट विक्रीची वाट मोकळी करावी लागली.

मूल्य नंतर कळते. माझ्याकडे आलेल्या कॉफीला चवपरीक्षेत किती गुण पडतात, ती कोणत्या किमतीला विकली जाते, हे तोलाच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. सगळे पैसे पहिल्या दिवशी मागणारा उत्पादक त्या नंतरच्या मूल्यावरचा हक्क त्याच दिवशी सोडून देतो.

पंचगंगाकाठ

उसाचा दाखला दिलाच आहे म्हणून लिहितो. १४ दिवसांचा नियम आम्हाला पाठ आहे आणि थकीत बिलांसाठी साखर आयुक्तालयाच्या दारात बसण्याचा अनुभवही आहे. २०२२च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली रास्त किंमत, दोन टप्प्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. म्हणजे कायदा असूनही एकरकमीसाठी तीन वर्षे लढावे लागले.

तरीही तो लढा शक्य झाला, कारण समोर कारखाना होता. त्याला गाळप परवाना लागतो, त्याची साखर गोदामात दिसते आणि थकबाकीसाठी जप्तीचा आदेश काढता येतो. कॉफीत हजारो लहान व्यापारी आहेत. तिथे १५ टक्के व्याज वसूल करायला तहसीलदार कोणाच्या दारात जाणार? शिवाय उसाला सरकारने ठरवलेली किंमत आहे, म्हणून ‘थकले’ या शब्दाला आकडा आहे. कॉफीचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायद्यांवर हलतो. आमचा नियम उचलून तिकडे लावता येणार नाही.

मंद आच यांच्या मुद्द्यालाही अर्धाच होकार देतो. चांगला सहकारी कारखाना एफआरपीवर दुसरा हप्ता देतो, तेव्हा त्यातून कारखान्याची कार्यक्षमता सभासदापर्यंत पोचते हे खरे. पण पहिला हप्ता पोटापुरता नसेल तर दुसऱ्या हप्त्याची वाट पाहणे फक्त मोठ्या सभासदाला परवडते.

निवृत्त शाखाधिकारी

कॉफी पट्ट्यातल्या बँक शाखेत काही वर्षे काढल्यामुळे दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्यापारी रोख देतो हे खरे आहे, पण ज्याला रोख देतो त्यातल्या पुष्कळांना त्याने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. जूनमध्ये खतासाठी, ऑगस्टमध्ये शाळेच्या फीसाठी. चेरी तोलायला येते तेव्हा भावातून ती वळती होते आणि त्यात व्याज किती हे कोणत्याही कागदावर नसते. दुसरा प्रकार याच्या उलटा : भाव वाढेल या आशेने उत्पादक माल व्यापाऱ्याकडे ठेवतो आणि दर नंतर ‘फिक्स’ करायचा असे तोंडी ठरते. व्यापारी सचोटीचा असेल तोवर ठीक, पण तो माल विकून बसला आणि भाव वर गेला तर उत्पादकाच्या हाती एक चिठ्ठी उरते. धागाकर्ते ज्याला बिनव्याजी उधारी म्हणतात ती मी या चिठ्ठ्यांत पाहिली.

मग हे लोक बँकेत का येत नाहीत? येतात. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर ४ टक्क्यांनी पडते, म्हणजे पैसा स्वस्त आहे. अडचण जमिनीच्या कागदात आहे. कोडगूतल्या जम्मा जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबाच्या सामाईक नावावर चालत आल्या. प्रत्यक्ष बाग कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर स्वतंत्र नसेल तर शाखाधिकाऱ्याचा हात आखडतो. ज्यांचे कागद स्वच्छ आहेत त्यांना दुसरी भीती. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ने शेतजमिनीला जप्तीतून वगळले आहे, पण मळ्याची जमीन ही शेतजमीन की व्यावसायिक मालमत्ता यावर बँका आणि उत्पादक यांचे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत.

माझ्या मते भरण्याची तारीख कायद्याने ठरवण्यापेक्षा उत्पादकाला थांबण्याची ऐपत देणे जास्त कामाचे. मान्यताप्राप्त गोदामाच्या पावतीवर लहान शेतकऱ्याला काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज मिळण्याची सोय आहे. ती कागदावरून बागेपर्यंत आणायची तर गोदाम तालुक्याच्या जवळ हवे आणि दहा पोतीही घेणारे हवे.

अनामिका

पुरुष मालक, पुरुष व्यापारी, पुरुष बँकर. या चर्चेत तोडणी करणाऱ्या बाईचे नाव अजून आलेले नाही. कोडगूत आज आसाम आणि बंगालमधून आलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत. मालकाला थांबण्याची ऐपत आली, माल सहा महिने गोदामात राहिला आणि भाव दुप्पट झाला तरी तोडणीचा किलोमागचा दर जानेवारीत ठरला तोच राहतो. फेअरट्रेड या रास्त व्यापाराच्या प्रमाणपत्राच्या अटींत पौंडामागे २० सेंटचा प्रीमियम आहे आणि तो कसा खर्चायचा हे लहान उत्पादकांच्या संस्थेची सभा ठरवते. त्या सभेत हंगामी मजुराला मत नाही. खात्यात थेट पैसे जमा करण्याचा फार गाजावाजा होतो, पण खाते कोणाच्या नावावर आहे हे विचारल्याशिवाय त्याला सुधारणा म्हणू नये.

ताळेबंद

सर्वांचे आभार. पंचगंगाकाठ यांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो : पकडायला कारखाना नसेल तर १४ दिवसांचा नियम हवेत राहील. निवृत्त शाखाधिकारी यांनी मात्र माझेच म्हणणे अधिक नेमकेपणाने मांडले आहे. पावसाळी उचल ही उधारीच आहे, फक्त तिची दिशा उलटी दिसते. उत्पादक व्याज भावातून देतो म्हणून ते कोणाच्या वहीत येत नाही.

मंद आच यांना विचारायचे ते असे. मूल्य नंतर कळते हे ठीक, पण ते कळेपर्यंतचे भांडवल उत्पादकानेच का अडकवावे? फेअरट्रेडच्या नियमांत उत्पादक संस्थेने मागितल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ अर्थपुरवठा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकली आहे. शिक्क्याची सगळी चर्चा किमान भावाभोवती होते. तो धुतलेल्या अरेबिकासाठी २०२३च्या ऑगस्टपासून पौंडाला १.८० डॉलर झाला. परंतु २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा भाव चार डॉलरच्या वर गेला तेव्हा त्या किमान भावाला काहीच अर्थ उरला नव्हता, अर्थ होता तो खेळत्या भांडवलाला. तेवढ्याच कर्जात संस्थेला पूर्वीच्या निम्मीही कॉफी विकत घेता येत नव्हती, आणि हातात रोख घेऊन आलेल्या व्यापाऱ्याकडे सभासद वळले तर त्यांना दोष कसा द्यावा? तेजीतही प्रश्न पैशाच्या तारखेचाच होता.

मंद आच

आपण ६० टक्क्यांची तरतूद सांगितली, तिच्यातला ‘मागितल्यास’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. एका छोट्या बागेकडून मी कॉफी घेतो, तिला तोडणीआधी निम्मी रक्कम देतो. ती रक्कम मी कुठून आणतो? जो माल अजून झाडावर आहे त्यावर पुण्यातली बँक मला कर्ज देत नाही, म्हणून ती माझ्या बचतीतून जाते. गारपीट झाली, अवेळी पावसात वाळवण भिजली, तर नुकसान माझे. आपण उत्पादकाची उधारी मोडा म्हणता, तेव्हा ती माझ्यासारख्याच्या डोक्यावर येऊन बसते. मोठी कंपनी ही जोखीम वायदे बाजारात उतरवू शकते, मी नाही. परिणाम असा होईल की उत्पादकाला आगाऊ पैसे देणारे फक्त बडे खरेदीदार उरतील, आणि त्यांना अमुक बागेच्या कॉफीत रस नसतो.

आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्याचे उदाहरण पाहा. तिथे आदिवासी शेतकऱ्यांची पिकलेली चेरी गावातच विकत घेऊन प्रक्रिया एका ठिकाणी केली गेली, त्यामुळे शेतकऱ्याला वाळवण आणि साठवण यांचा भार उरला नाही आणि मालाची ओळखही टिकली. २०१७मध्ये त्या कॉफीचे दुकान पॅरिसला उघडले. वेळेवरचे पैसे आणि बागेची ओळख या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा हा पुरावा आहे.

ताळेबंद

अराकूमागे एक सेवाभावी संस्था आणि तिच्या पाठीशी असलेले उद्योगपती उभे होते, जे परताव्यासाठी अनेक वर्षे थांबायला तयार होते. असे भांडवल एका खोऱ्याला मिळाले, म्हणून ते चिक्कमगळूरूच्या प्रत्येक तालुक्याला मिळेल असे धरून धोरण आखता येत नाही.

निवृत्त शाखाधिकारी

मंद आच यांच्या अडचणीवर एक व्यवहार्य सूचना करतो. आपला खरेदीचा करार लेखी असेल, तर कर्ज आपण न काढता बागमालकाने काढावे आणि आपण विक्रीची रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरण्याची हमी बँकेला द्यावी. साखर कारखाना सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते करतो, तशीच ही पद्धत आहे. मालकाला बँकेच्या व्याजाने पैसे मिळतात, आपली बचत अडकत नाही आणि कॉफीची चव ठरल्यावर वाढीव रक्कम द्यायला आपण मोकळे राहता. पीक बुडाल्याची जोखीम यात बागमालकाकडेच राहते, हे मात्र आधी स्पष्ट बोलून घ्यावे लागेल.

पंचगंगाकाठ

बिलातून वळते करणे म्हणजे काय ते आमच्याकडच्या सभासदाला विचारा. पाणीपट्टी, ठेव, सोसायटीचे हप्ते असे सगळे कापून हाती उरलेल्या बिलावर बरेचदा दोन आकडीच रक्कम असते. वळते करायचेच असेल तर कोणत्या रकमा कापता येतील आणि जास्तीत जास्त किती, हे करारातच लिहून घ्या. केनियात कॉफी सहकारी संस्थांनी विक्रीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम स्वतःकडे ठेवू नये असा नियम करावा लागला आहे आणि २०२३पासून लिलावाचे पैसे संस्थेच्या हातून न जाता बँकेमार्फत थेट वाटण्याची व्यवस्था सुरू केली आहे, ती याच कापाकापीपायी.