चित्रासमोर उभं राहिल्यावर तंत्र कसं ओळखायचं? (ऑइल, वॉटरकलर, टेम्परा वगैरे)

मोगरा_०९

नमस्कार मंडळी. मी सध्या शनिवार-रविवारचा चित्र-आस्वादाचा कोर्स करतेय, म्हणजे रंगवायला नाही, बघायला शिकायचा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या त्यामुळे स्थिरचित्र, स्मरणचित्र, पोस्टर कलर एवढी ओळख आहे, त्यापुढचं सगळं नवीन. आता वहीत इम्पास्टो, ग्लेझिंग, कियारोस्कुरो, स्फुमातो, टेम्परा, फ्रेस्को असे शब्द भरलेत, व्याख्या पाठ झाल्यात, पण गॅलरीत चित्रासमोर गेलं की खालची पाटी वाचल्याशिवाय मला ऑइल की अॅक्रिलिक हेही सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे परवा वर्गात कळलं की ती हातात दिवा धरलेली, जांभळ्या साडीतली बाई, जिचं चित्र आपल्याकडे कितीतरी घरांत लावलेलं असतं, ते राजा रविवर्म्याचं नाहीच, हळदणकरांचं आहे, आणि वर ते ऑइल नसून वॉटरकलर आहे! एवढा अंधार वॉटरकलरमध्ये? तर मला व्याख्या नकोत, प्रत्यक्ष चित्रात नजर कुठे न्यायची ते सांगा. आणि अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणायचं का? नोट्समध्ये एका पानावर हो आहे, दुसऱ्या पानावर नाही.

जलरंगी

मोगराताई, प्रश्न आवडला. मी जलरंगात काम करतो आणि शिकवतोही, तर माझी पद्धत सांगतो. तंत्रांची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कुठल्याही चित्रासमोर दोनच गोष्टी विचारा, रंगाची पूड कशात कालवलीय आणि तो रंग किती वेळात सुकतो. निम्मी तंत्रं यातूनच निघालीत.

ऑइल म्हणजे पूड जवसाच्या तेलात घोटलेली. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे वरचा थर हाताला कोरडा लागायलाच काही दिवस जातात आणि आतपर्यंत सुकायला महिने. म्हणजे चित्रकाराकडे वेळच वेळ. गालावरची सावली आणि उजेड ओल्यातच एकमेकांत मिसळवता येतात, कडा कुठे दिसतच नाही. लिओनार्दोने हेच टोकाला नेलं, मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यात आणि डोळ्यांच्या कडेला रेघ शोधून बघा, सापडणार नाही, धूर विरावा तसं विरलेलं आहे, तोच तुमचा स्फुमातो. खालचा थर सुकू दिला आणि वरून भरपूर तेल घातलेला पारदर्शक रंग पातळसा फिरवला की ग्लेझिंग. त्यात प्रकाश वरच्या थरातून आत जातो, खालच्या उजळ थरावर आपटून परत येतो, म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा वाटतो. व्हर्मीरची निळी वस्त्रं बघा, किंवा जुन्या चित्रांमधलं लाल मखमल.

उलट रंग ट्यूबमधून काढून जाडच लावला, ब्रशचे केस किंवा सुरीची धार त्यात उमटू दिली की इम्पास्टो. व्हॅन गॉगचं नाव सगळे घेतात पण रेम्ब्रांटही उजेड पडलेल्या कपाळावर, कॉलरवर असा जाड रंग ठेवायचा आणि सावली मात्र पातळ. हे ओळखायला चित्रासमोर उभं राहू नका, बाजूला जा आणि कॅनव्हासच्या कडेकडून तिरकं बघा, रंगाचे उंचवटे स्वतःची सावली पाडतात. फोटोत आणि पुस्तकात नेमकं हेच हरवतं, म्हणून ओरिजिनल बघायला हवं.

आता वॉटरकलर. इथे पूड बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात असते, पाणी घातलं की पातळ होते आणि मिनिटांत वाळते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, पांढरा म्हणजे कोरा कागद. म्हणजे सगळ्यात उजळ जागा कुठली हे आधीच ठरवून ती सोडून द्यायची आणि उजळाकडून गडदाकडे जायचं, परतीचा रस्ता जवळजवळ नाही. ऑइलवाला गडद अंधार करून शेवटी त्यावर दिव्याची ज्योत ठेवू शकतो, जलरंगवाल्याला ज्योत पहिल्या क्षणापासून राखावी लागते.

सावळाराम हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. ते चित्र, ग्लो ऑफ होप, १९४५ च्या सुमाराचं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. त्यात दिव्यापुढे आडोसा म्हणून धरलेला हात बघा, बोटांच्या कडांमधून लालसर उजेड झिरपतो. तो पातळ वॉशचा (म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या थराचा) लाल आहे, खालचा कागद त्यातून बोलतोय, वरून पांढरा टाकून असा लाल येत नाही, तो दुधाळ होतो. आणि अंधार? एकदम गडद थापला तर जलरंगात तो मळकट, मेलेला दिसतो, म्हणून तो हळूहळू गडद करत न्यायचा. इथे भिंतीवरच्या सावलीत तुम्हाला मळ दिसत नाही, हवा दिसते. माझ्या मते आपल्याकडच्या जलरंगातलं हे फार वरच्या पायरीचं काम आहे आणि ते रविवर्म्याच्या नावावर खपतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अॅक्रिलिकचं थोडक्यात: प्लास्टिकसारखं इमल्शन, पाण्यात पातळ होतं पण सुकलं की पाण्याने निघत नाही, भराभर सुकतं म्हणून मऊ मिसळण करणं अवघड, सपाट रंग आणि कडक कडा सोप्या. पण पाटी न वाचता अॅक्रिलिक आणि ऑइल ओळखणं जाणकारालाही दर वेळी जमत नाही, त्यामुळे त्याची खंत करू नका. साल मात्र बघा, १९५० च्या आधीचं चित्र असेल तर अॅक्रिलिक असण्याची शक्यता जवळपास नाहीच.

टोन_आधी

जलरंगींनी छान लिहिलंय पण मी थोडा वेगळा सूर लावते. नवीन माणसाने माध्यमापासून सुरुवात करू नये असं मला वाटतं, आधी टोन. रंग कुठला हे सोडा, किती गडद किती फिका एवढंच बघा. डोळे किलकिले करा, बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतात, चित्राचा सांगाडा तो. नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा (फ्लॅश बंद ठेवून, आणि फोटोला परवानगी असेल तिथेच).

यातून रंगाची गंमत पण कळते. मोनेचं १८७२ चं सूर्योदयाचं चित्र, ज्यावरून इम्प्रेशनिस्ट हे नाव पडलं, त्यातला केशरी सूर्य ब्लॅक अँड व्हाइट केला की मागच्या राखाडी आकाशात जवळजवळ गडप होतो!! म्हणजे तो सूर्य उजळपणाने चमकतच नाहीये, निळसर राखाडीच्या शेजारी विरोधी केशरी ठेवल्यामुळे चमकतोय. हे एकदा दिसलं की उष्ण-शीत रंग, विरोधी रंग वगैरे धडे आपोआप पटतात.

कियारोस्कुरो म्हणजे नुसता काळोख असं बरेचजण समजतात, तसं नाही, छायाप्रकाशाने आकाराला गोलाई आणि प्रसंगाला रोख देणं ते. काराव्हाज्जोचं सेंट मॅथ्यूला बोलावणं येतं ते चित्र (१६००, रोमच्या चर्चमध्ये अजून मूळ जागी आहे) इंटरनेटवर मोठं करून बघा. प्रकाश उजवीकडून ख्रिस्ताच्या डोक्यावरून आत शिरतो आणि टेबलाशी पैसे मोजत बसलेल्यांवर पडतो, ख्रिस्ताचा हात आणि प्रकाश एकाच दिशेने निघालेत, म्हणजे गोष्ट उजेडच सांगतोय. आपल्याजवळचं उदाहरण हवं तर पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शाव्हिएर त्रिंदादची चित्रं आहेत, गोव्यात जन्मलेला, जे. जे.त शिकून तिथेच शिकवणारा माणूस, त्याला पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे. त्याच्या व्यक्तिचित्रांत चेहऱ्याचा एक भाग अंधारात सोडलेला असतो आणि तरी ओळख हरवत नाही.

मोगरा_०९

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, दोघांचे आभार. सूर्याचा प्रयोग आत्ताच केला, खरंच गेला! एक शंका, मग आपल्या लघुचित्रांत सावल्याच नसतात, माणसं सपाट, मागची इमारत वरून बघितल्यासारखी आणि माणूस समोरून, तर तिथे हे टोन आणि पर्स्पेक्टिव्ह कसं लावायचं? वर्गात एकजण म्हणाला त्यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं.

लेणीवाला

नाही नाही, ‘येत नव्हतं’ हे डोक्यातून काढून टाका प्लीज. एका बिंदूत मिळणाऱ्या रेषांचं पर्स्पेक्टिव्ह हा १५ व्या शतकात फ्लॉरेन्समध्ये बसवलेला एक नियम आहे, त्यात बघणारा एका जागी, एका क्षणी, एक डोळा लावून उभा आहे असं धरलेलं असतं. लघुचित्रकाराला तसं उभं राहायचंच नव्हतं, त्याला गोष्ट सांगायची होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात १७ व्या शतकातल्या मेवाड रामायणाची पानं आहेत, अशा पानांवर एकाच चौकटीत तेच पात्र दोनतीनदा येतं, आधी महालात, मग अंगणात, मग रथात, तुम्ही डोळ्याने चालत चालत प्रसंग वाचायचा. तिथे व्हॅनिशिंग पॉइंट (त्या रेषा मिळतात तो बिंदू) शोधत बसलात तर चित्र हातातून गेलं. तिथे बघायचं ते रेषेचा वेग, सपाट रंगांच्या पट्ट्या एकमेकांशेजारी कशा बसवल्यात, कुठला रंग कुठल्या पात्राला दिलाय. तंत्र विचाराल तर तेही डिंकातलेच रंग पण अपारदर्शक, थर द्यायचा, कागद उलटा करून अकीकाच्या दगडाने घोटायचा, परत थर, म्हणून ती चकाकी. केसाएवढ्या रेषा खारीच्या केसांच्या ब्रशने काढलेल्या.

आता अजिंठा. खरा फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि रंग त्यातच पकडला जातो, वेगळा डिंक लागत नाही. पण मग एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, सिस्टिन चॅपलच्या छतावर असे दिवसादिवसाचे जोड अजून ओळखू येतात. अजिंठ्यात तसं नाही. तिथे खडबडीत कातळावर माती, त्यात भुसा-गवताचे तंतू, त्यावर बारीक मातीचा थर, वर चुन्याचा पातळ हात, आणि हे सगळं वाळल्यावर डिंक किंवा सरसात कालवलेले रंग. म्हणजे कोरड्या भिंतीवरचं टेम्परा पद्धतीचं काम. जुन्या पुस्तकांत सरसकट फ्रेस्को लिहिलेलं असतं म्हणून तुमच्या नोट्समध्ये घोळ झालाय, परीक्षेत ‘भित्तिचित्र’ लिहा म्हणजे निर्धास्त. गेरू, पिवळी माती, हिरवी माती अशा दगड-मातीतल्या पुडी, दिव्याची काजळी, आणि निळा तेवढा लाजवर्द नावाच्या दगडाचा, जो अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा, ५ व्या शतकात! १ नंबरच्या लेण्यात निळा दिसला की मी तरी थांबतोच.

आणि टोनचं विचारलंत तर त्याच लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राजवळ थांबून बघा. चेहरा गोल वाटतो पण सावली पाडणारा एक दिवा कुठेच नाही. कडेला गडद, मधे उजळ, नाकावर आणि हनुवटीवर हलकासा उजाळा. याला आपल्या जुन्या ग्रंथांत ‘वर्तना’ म्हणतात, विष्णुधर्मोत्तरात तिचे प्रकारच दिलेत, कुठे पानाच्या शिरांसारख्या रेषांनी, कुठे ठिपक्यांनी. म्हणजे काराव्हाज्जोची सावली प्रसंगातल्या उजेडाची, ही सावली शरीराच्या गोलाईची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, तुमच्या कोर्समध्ये कोणी सांगणार नाही एवढं त्यातून कळेल.

जाता जाता, कोरड्या भिंतीवरचं काम ओल खाल्ली की सुटतं. लिओनार्दोनेही शेवटच्या भोजनाचं चित्र (१४९५–९८, मिलान) फ्रेस्कोत न करता कोरड्या भिंतीवर केलं, कारण त्याला सावकाश काम करायचं होतं, आणि त्याच्या हयातीतच पोपडे निघायला लागले. जलरंगींचा सुकण्याच्या वेळेचा मुद्दा इथे अगदी फिट बसतो.

टोन_आधी

लेणीवाले, वर्तनेचं मला नवीन आहे, वाचते. माध्यम आधी की टोन आधी यावर मात्र मी ठाम आहे :)

शून्यरेषा

अमूर्ताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण तिथे तंत्र बघण्याला पर्यायच नसतो, गोष्ट नाही, चेहरा नाही, समोर फक्त रंग कसा लागलाय ते. वासुदेव गायतोंडे घ्या (जन्म नागपूर १९२४, घरचे गोव्याचे). त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ वापरला, ऑइलचा थर लावायचा, खरवडायचा, परत लावायचा, रंग लागलेले कागदाचे तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलायचे, त्याने मधेमधे ती अक्षरासारखी चिन्हं उमटतात. म्हणून त्यांच्या चित्रात वरचा रंग एक दिसतो आणि थोडा वेळ थांबलं की खालचे दोन-तीन वर यायला लागतात. हे ग्लेझिंगचंच भावंड. ताई, अशा चित्रासमोर ‘हे काय आहे’ याऐवजी ‘आधी काय लावलं, नंतर काय लावलं’ असं स्वतःला विचारा, थरांचा क्रम लावत गेलात की डोळा तिथे टिकतो.

मोगरा_०९

सगळ्यांना परत एकदा धन्यवाद, हे सगळं प्रिंट काढून वहीत चिकटवतेय. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल असं कुठे ऑइल आणि वॉटरकलर दोन्ही ओरिजिनल बघायला मिळेल? मैसूर लगेच जमणार नाही.

जलरंगी

औंधला जा, सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगरावर श्री भवानी म्युझियम आहे, १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, ते स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याची मूळ ऑइल पेंटिंग आहेत, सैरंध्री त्यातच, धुरंधर आणि इतर मराठी चित्रकारांचंही भरपूर काम आहे. रविवर्म्याची ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या छापील प्रती) घरोघरी बघून आपली नजर छापील रंगांना सरावलीय, त्यामुळे तिथे आधी साडीचे काठ आणि दागिने जवळून बघा, सोन्यासाठी पिवळ्यावर छोटेसे जाड ठिपके ठेवलेत का आणि कापडाच्या सावलीत रंग किती पातळ केलाय ते. मुंबईला जमलं तर वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला युरोपियन ऑइल्सचा संग्रह आहे आणि जहांगीर निकोल्सन संग्रहाचं दालनही त्याच इमारतीत, म्हणजे लेणीवाल्यांची लघुचित्रं पण एकाच फेरीत होतील. निघायच्या आधी फोन करून उघडं आहे का विचारा, आणि औंधहून आलात की इथेच लिहा काय काय दिसलं ते.