मदत हवी आहे: ओढ्याच्या पाण्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब लावणारे सूक्ष्म परजीवी) कसे शोधावेत?

ओढाकाठ: ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरे पाण्यावर येतात, खाली वाडी तेच पाणी पिते. एचटूएस बाटली (विष्ठेतले जिवाणू दाखवणारी चाचणी) काळी पडते, पण परजीवींचे त्यावरून काही कळत नाही. १ लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून (बारीक छिद्रांच्या गाळणपटलातून) गाळायला घेतले की गाळाने लगेच तुंबते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक आणि ५० मिलीच्या नळ्यांचा सेंट्रीफ्यूज आहे. इम्युनोमॅग्नेटिक मणी (परजीवींना चिकटून चुंबकाने वेगळे काढणारे) परवडत नाहीत.

साका: मेम्ब्रेन सोडा, चुन्याचा साका बसवा, परजीवी त्यात अडकून तळाशी येतात. १० लिटर पाण्यात १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १०० मिली आणि १ मोलर सोडियम बायकार्बोनेट १०० मिली घाला. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० करा, ढवळा आणि रात्रभर हलवू नका. (कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असेल तर १०० मिलीला १४.७ ग्रॅम. निर्जल समजून ११.१ घेतले तर साका कमी पडतो.) सकाळी वरचे निवळ नळीने हळू ओढून टाका. खालचा साका १० टक्के सल्फॅमिक आम्लात विरघळवा. फेस खूप येतो, म्हणून भांडे मोठे घ्या. मग सेंट्रीफ्यूजमध्ये ३००० जी (गुरुत्वाच्या ३००० पट) वर १० मिनिटे फिरवा आणि गाळ ०.०१ टक्का ट्वीन (साबणासारखे द्रव्य) घातलेल्या बफरने धुवा. नमुना गोठवू मात्र नका, सिस्ट (परजीवीची कवचातली अवस्था) फुटतात. बर्फाच्या पेटीत थंड ठेवून आणा.

रंगकाम: गाळाचे दोन भाग करा. जिआर्डियासाठी १.१८ घनतेच्या झिंक सल्फेटवर तरंगवा आणि वरचा थर लगेच पाहा, उशीर झाला की सिस्ट चेपतात. साखरेच्या पाकात तर त्या आणखी लवकर वाकड्या होतात. आधी आयोडीनशिवाय पाहा, म्हणजे हिरवे शेवाळ ओळखून बाजूला काढता येईल. मग ल्युगॉल (आयोडीनचे द्रावण) घाला. लांबट गोल, ८ ते १२ मायक्रॉन, आत दोन ते चार केंद्रके दिसायला हवीत.

क्रिप्टोस्पोरिडियमसाठी (क्रिप्टो) काचपट्टीवर गाळाचा पातळ थर (स्मिअर), मिथेनॉलने ३ मिनिटे पक्का, थंड कार्बोल फुक्सिन (लाल रंग) १५ मिनिटे, १ टक्का आम्ल-अल्कोहोल १५ ते २० सेकंद, शेवटी मेथिलिन ब्लू. ऊसिस्ट (क्रिप्टोची कवचातली अवस्था) गुलाबी-लाल, गोल, ४ ते ६ मायक्रॉन. ८ ते १० भरला तर सायक्लोस्पोरा हा दुसरा परजीवी असू शकतो. यीस्ट निळे राहते. आयपीस मायक्रोमीटर (नेत्रिकेतली मोजपट्टी) स्टेज मायक्रोमीटरशी (स्लाइडवरच्या प्रमाणित मोजपट्टीशी) जुळवल्याशिवाय मोजमाप लिहू नका.

ओढाकाठ: चार स्लाइडमध्ये काही दिसले नाही तर वाडीला पाणी चांगले म्हणू का?

साका: नाही. गाळ १ मिली झाला आणि स्लाइडवर २० मायक्रोलिटर घेतले, तर एका स्लाइडवर मूळचे २०० मिली पाणीच येते. चार म्हणजे ८०० मिली. अहवालात हा आकडा लिहा. शिवाय त्याच वेळी भरलेल्या दुसऱ्या १० लिटरमध्ये न्यूबाउर चेंबरवर (पेशी मोजण्याच्या चौकटीच्या काचेवर) मोजलेले, फॉर्मॅलिनमधले सिस्ट टाकून तीच पद्धत करा. किती परत मिळाले हे कळल्याशिवाय ‘आढळले नाही’ला वजन नाही. पुढचा नमुना पहिल्या जोरदार पावसानंतर, ओढा गढूळ असताना घ्या. शेण तेव्हाच वाहून येते.

रंगकाम: आणि सापडलेच, तरी ती जात माणसाला लागणारी की नुसती गुरांची, हे रंगावरून ठरत नाही. त्याला पीसीआर (डीएनए चाचणी) लागतो. तोवर वाडीत पिण्याचे पाणी खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट उकळू द्या. नुसत्या क्लोरीनच्या गोळीवर विसंबू देऊ नका, क्रिप्टोचे ऊसिस्ट त्यातून जिवंत सुटतात.