पटर पोटाला टेकवायचा नाही, मग हाताला तरी का?

चेंबूरकर: रविवारी चेंबूरला गोल्फ खेळताना शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, आमच्या चौघांत जुंपली. एकाने लांब दांड्याचा पटर (चेंडू भोकात ढकलायची काठी) डाव्या हाताला, कोपराखाली घट्ट टेकवून सहा-सहा फुटांचे पट, म्हणजे भोकाकडचे हलके फटके, घातले. याला आर्म-लॉक म्हणतात आणि ते नियमात बसतं. पोटाला किंवा छातीला टेकवून मारायला मात्र १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. दांड्याचं टोक अंगाला रुतवलं की पटर बिजागरीवरच्या दारासारखा फिरतो आणि घाबरलेलं मनगट मध्ये येत नाही, म्हणून ती बंदी. आर्म-लॉकमध्ये तरी मनगट कुठे मोकळं असतं? पाच फुटांवर हात थरथरतो, तो आवरणं हाच पटिंगचा कस आहे. मला हा उघड अन्याय वाटतो.

साठीपार: तुम्हाला यिप्स झालेले नाहीत, म्हणून असं बोलता. दीड फुटावर हात आपोआप झटका देतो आणि चेंडू भोकाच्या पलीकडे जातो. वर्षभर मी हे सोसलं, क्लबात जाणं सोडलं होतं. बर्नहार्ड लँगरसारख्या खेळाडूलाही यिप्सनी छळलं, तिथे माझी काय कथा! आर्म-लॉकमुळे मी परत खेळतोय. दिशा, उतार, वेग हे सगळं अजून मलाच ओळखावं लागतं.

पार्कातला: साठीपार काका, तुमचा त्रास खरा आहे, पण नियम सगळ्यांसाठी असतो. मी शिवाजी पार्कात क्रिकेट खेळत वाढलो. १७७१ मध्ये एक गडी स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला, तेव्हापासून रुंदीवर बंधन आलं. आजही ती १०८ मिलिमीटरच. गोल्फच्या भोकाचा व्यासही १०८ मिलिमीटर! साधन खेळापेक्षा मोठं व्हायला लागलं की रेषा आखावीच लागते. २०११ च्या पीजीए चॅम्पियनशिपपासून २०१३ च्या मास्टर्सपर्यंत सहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा, झाल्या, त्यातल्या चार अंगाला टेकवलेल्या पटरने जिंकल्या: ब्रॅडली, सिम्पसन, एल्स, स्कॉट.

साठीपार: त्याच अ‍ॅडम स्कॉटने बंदीनंतर २०१६ च्या सुरुवातीला आखूड पटरने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. मग जिंकत कोण होतं, पटर की माणूस?

पूर्वीचा कॅडी: मी बारा वर्षं बॅगा उचलल्या, म्हणून लिहितो. तुम्ही दांड्याच्या लांबीवर भांडताय, आमची अडचण वेगळीच. आम्ही मेंबरांनी टाकून दिलेले पटर कापून, ग्रिपला टेप गुंडाळून खेळायचो. जे. जे. स्पॉनने २०२५ ची यूएस ओपन जिंकली, तीही हातात आपोआप न वळणाऱ्या नव्या पद्धतीच्या पटरने. तसला पटर बाहेरून मागवायचा म्हणजे घरातला महिन्याचा किराणा बाजूला ठेवावा लागेल. फायदा कुणाला मिळतो ते इथे बघा.

चेंबूरकर: कॅडीदादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी महाग पटर हातात मोकळाच झुलतो, त्यात अजून खेळाडूचा हात असतो. साठीपार, मनापासून सांगतो, यिप्स असलेल्यांना आमच्या रविवारच्या खेळात मी एका शब्दानेही अडवणार नाही. पण जिथे कप आणि हँडिकॅपचा (खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचा) हिशोब आहे, तिथे हाताला टेकवणंही बंद व्हायला हवं. त्यावरून मी हटणार नाही.