इंदूरला उतरावे कुठे, खावे काय, विकत घ्यावे काय : आपले अनुभव लिहा

येत्या डिसेंबरात आम्ही घरातील सहाजण इंदूरला तीन रात्री राहणार आहोत. सासूबाईंना फार जिने चढवत नाहीत आणि त्या कांदा-लसूण खात नाहीत. मुलांना मात्र रात्रीचा सराफा पाहायचाच आहे. एक दिवस महेश्वरला जाण्याचा विचार आहे. ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे त्यांनी काय आवडले आणि काय टाळले असते, ते सविस्तर लिहावे. ऐकीव याद्या आमच्याकडे भरपूर जमल्या आहेत.

माहेर इंदूर, सध्या ठाणे

इंदुरात कुठे खावे यापेक्षा केव्हा खावे हे आधी ठरवावे लागते आणि बहुतेक पाहुण्यांचे गणित तिथेच चुकते. राजवाड्यामागचा सराफा दिवसभर खरोखरच सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्या बंद होऊ लागल्या की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर खाण्याची दुकाने मांडली जातात, ती मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. माझे आजोबा सांगत, की माणसांची वर्दळ राहिली तर दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनाही ही मंडळी हवीच असत. संध्याकाळी सहाला जाऊन ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणत परतलेले पाहुणे आमच्या घरी दर वर्षी एकदा तरी येतात.

डिसेंबरात जात आहात, तेव्हा गराडू चुकवू नका. हा कंद थंडीतच मिळतो. त्याचे तुकडे तळून, वर जीरावण मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून देतात. भुट्ट्याचा किस म्हणजे कोवळे मक्याचे कणीस किसून तुपाच्या फोडणीत दुधासह शिजवलेला पदार्थ. तो वृद्धांनाही सोसतो. जोशी यांच्याकडे दहीबड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याची करामत मुलांना बघू द्या. शिकंजी मागितल्यावर लिंबाचे सरबत येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, कारण इंदुरी शिकंजी आटीव दूध, मठ्ठा आणि सुकामेवा यांची असते आणि ती प्यायल्यावर पुढचे काही खाण्याची सोय उरत नाही. म्हणून ती शेवटी घ्यावी आणि प्रत्येक पदार्थाच्या सहाजणांत दोनच प्लेटी मागवाव्यात.

सकाळचे पोहे आपल्या घरच्यासारखे गरम कढईतून थेट ताटलीत येत नाहीत; ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, म्हणून मऊ राहतात. त्यात बडीशेप आणि किंचित साखर असते, वर शेव, कांदा आणि जीरावण पडते, आणि शेजारी जिलबी हवीच. कांदा नको म्हटले तर तो घालत नाहीत. राजवाड्याच्या बाजूला उसळ-पोहेही मिळतात, पण ते चांगले झणझणीत असतात.

सेवानिवृत्त, नाशिक

स्वस्तात काम होईल म्हणून आम्ही स्थानक आणि सरवटे बस स्थानक यांच्या मधल्या भागात एका लॉजमध्ये उतरलो. स्थानकापासून चालत जाता आले, इतकाच त्याचा गुण. खोलीला खिडकी होती, परंतु ती जिन्यात उघडत होती, आणि पहाटे चारपासून बसवाहकांच्या आरोळ्यांनी झोप मोडली ती मोडलीच. त्या भागात चांगल्या जागाही आहेत, हे मी नाकारत नाही; फक्त पैसे भरण्याआधी खोली डोळ्यांनी पाहावी आणि उद्वाहक चालू आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आमचा उद्वाहक ‘दुरुस्तीत’ होता आणि खोली तिसऱ्या मजल्यावर.

बंगळूर, कामानिमित्त वारंवार इंदूर

विजयनगर भागातील हॉटेले नवी, प्रशस्त आणि शांत आहेत, पण तिथून राजवाडा लांब पडतो आणि रात्री बारा वाजता सराफ्यातून परतताना रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. आपल्यासारख्या कुटुंबाने न्यू पलासियात, छप्पन दुकानच्या आसपास उतरावे असे मला वाटते. नावाप्रमाणे तिथे छप्पन दुकानांची रांग आहे, आता तो रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे, आणि बसायला जागा असल्यामुळे सराफ्यातली गर्दी ज्यांना झेपत नाही त्यांची तिथे उत्तम सोय होते. विजय चाट हाउसमधील खोपरा पॅटिस, म्हणजे बटाट्याच्या आवरणात ओल्या नारळाचे सारण, मी प्रत्येक खेपेस खातो.

पुणे, हातमागाच्या वस्त्रांची आवड

महेश्वरी साडीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मी एकदा फसले आहे. राजवाड्याजवळच्या बाजारात एका दुकानात ‘अस्सल महेश्वरी’ म्हणून घेतलेली साडी घरी आल्यावर यंत्रमागाची निघाली. दुकानदाराने मला फसवले की मीच विचारले नाही, हा वाद मी अजूनही स्वतःशी घालते. महेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतील असे विणलेले असतात, आणि पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात; परंतु ही नक्षी यंत्रमागावरही उतरवता येते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. हातमागाची खूण असलेले लेबल मागावे आणि पावतीवर ‘हातमाग’ असे लिहून घ्यावे. इंदुरातच घ्यायची असेल तर मध्य प्रदेश शासनाचे ‘मृगनयनी’ हे विक्रीकेंद्र पाहावे. तिथे चंदेरीही मिळते.

तरीही महेश्वरला जाणारच आहात, तर साडीचे पैसे तिथेच राखून ठेवा. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे, म्हणून सकाळी पोहे खाऊन लगेच निघावे. अहिल्याबाई होळकरांनी तिथे विणकरांना वसवले आणि त्यांच्याच किल्ल्यात आज रेहवा संस्थेचे माग चालताना दिसतात. माग चालताना पाहिला की किंमत का तेवढी असते हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. सासूबाईंना घाटाच्या पायऱ्या उतरायला लावू नका. वरून नर्मदा चांगली दिसते.

डोंबिवली

उपवासाचा दिवस असेल तर सावध राहा. इंदुरी साबूदाणा खिचडी तुपात परतलेली नसते. वाफवलेल्या मोकळ्या साबूदाण्यात मसाला, फराळी चिवडा आणि लिंबू कालवून देतात. आमच्या आत्यांनी पहिल्या घासाला नाक मुरडले आणि दुसरी प्लेट स्वतः मागवली.

धागा सुरू करणारी

सर्वांचे आभार. सासूबाईंच्या कांदा-लसणाचे काय करावे, हे कुणी सांगेल का?

माहेर इंदूर, सध्या ठाणे

ताई, त्याची काळजी करू नका. इंदुरात जैन वस्ती मोठी आहे, त्यामुळे ‘जैन बनवा’ एवढे म्हटले की बहुतेक ठिकाणी समजते. दुपारी एकदा दाल-बाफले अवश्य जेवा. बाटी थेट भाजतात, बाफला आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. सोबत लाडू असतो. वरणाला लसणाची फोडणी असू शकते, तेवढे आधी विचारावे. हे जेवण झाल्यावर कुठेही जाण्याचा बेत आखू नका.

औरंगाबाद

नमकीन सगळ्यांत शेवटी, निघण्याच्या दिवशी घ्यावे. लवंग शेव आणि जीरावण ही दोन्ही आमच्या घरी महिनाभर पुरतात. मुलांसाठी चामड्याची खेळणी पाहा. तारेचा सांगाडा करून त्यावर चामडे चढवलेले हत्ती-घोडे ही इंदूरची जुनी कारागिरी आहे आणि तिला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे. आमचा घोडा सामानात दबला आणि त्याचा एक कान आजतागायत दुमडलेला आहे, तेव्हा तो हातातल्या पिशवीत ठेवा.

धागा सुरू करणारी

छप्पन दुकानजवळ पहिल्या मजल्यावरची खोली ठरवली. एकच शंका उरली : गराडू सासूबाईंच्या दातांना झेपेल का?

माहेर इंदूर, सध्या ठाणे

वरचे कवच कुरकुरीत असते, आत रताळ्यासारखा मऊ. ‘कमी तळा’ म्हणून सांगा.