कांद्याची चाळ भरणारा उद्योजक, की अंबडचा कारखानदार?

गोदाकाठचा: उद्योजक म्हटलं की आपल्याला नाशिकची सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतच आठवते. अर्थशास्त्रात ही कल्पना मांडणाऱ्या कॅन्टिलॉनने (ग्रंथ १७५५चा, मरणोत्तर छापलेला) मात्र शेतकऱ्यालाही त्यात धरलंय: जमिनीचा खंड ठरलेला, मालाचा भाव बेभरवशाचा. मग उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, भरून दिवाळीपर्यंत थांबणारा निफाडचा शेतकरी पक्का उद्योजक. आणि कंपनीचं ड्रॉइंग घेऊन ठरल्या रेटने जॉबवर्क करणारा? मला तर तो पगारदारच वाटतो.

अंबडकर: या एकदा शेडवर! रेट ठरलेला, पण कंपनीचं मागणीचं शेड्यूल ऐनवेळी निम्म्यावर येतं, पेमेंट तीन महिन्यांनी. मशिनचा हप्ता आणि कामगारांचा पगार मात्र तारखेला. कॅन्टिलॉनचीच व्याख्या लावा, मी पगारदार कसा ते सांगा.

पारावरचा मास्तर: तुम्ही दोघंही नाही. अर्थतज्ज्ञ शुंपीटर म्हणतो, धोका भांडवल देणाऱ्याचा. उद्योजकाचं काम साधनांची नवी जुळणी करणं. वाइन नारायणगावात ऐंशीच्या दशकातच बनत होती, तरी गंगापूर धरणालगत वाइनची द्राक्षं लावून त्याभोवती पर्यटन उभं करणारे ‘सुला’चे राजीव सामंत त्याच्या हिशोबात उद्योजक. शोध लावायलाच हवा असं नाही. आणि घडी बसली, रोजचा कारभार सुरू झाला की तोही उद्योजक राहत नाही! चाळ तर पिढ्यान्‌पिढ्या भरतायत.

गोदाकाठचा: धोका बँकेचा म्हणे! बँक सातबाऱ्यावर बोजा चढवून मोकळी होते. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइटचा १९२१चा ग्रंथ वाचा. मोजता येतो त्या जोखमीचा विमा निघतो, मोजताच येत नाही ती अनिश्चितता. नफा तिच्यातून येतो. गारपिटीचा विमा मिळतो. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, त्याचा विमा कोण देणार होतं?

अंबडकर: नुसती झळ सोसली की उद्योजक झाला? नाइटने निर्णयाची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात घातलीय.

गोदाकाठचा: मग चाळ कधी फोडायची, हे काय तलाठी ठरवतो?

खळ्यावरची: व्यापाऱ्याला सगळ्यांनी सोयीस्कर वगळलंत. अर्थतज्ज्ञ कर्झनरचा उद्योजक म्हणजे इतरांच्या नजरेतून सुटलेली भावातली तफावत हेरणारा. लासलगावचा लिलाव आणि बाहेरची मागणी यांची सांगड आम्ही घालतो, तरी भाव पडला की शिव्या आम्हालाच.

पारावरचा मास्तर: तफावत हेरणं वेगळं, चार जणांनी संगनमताने ती टिकवणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला अर्थतज्ज्ञ बॉमोलने अनुत्पादक उद्योजकता म्हटलंय. लिलावात बोली लावणारे खरोखर किती असतात, ते आधी सांगा.